कडेचं गवत

२ मे

ताई,

पायांना नमस्कार, गुडघ्यांना जरा लांबूनच. ते सध्या कोणाचं ऐकत नाहीत असं मागच्या पत्रात तूच लिहिलं होतंस.

फोनच करणार होतो, पण तुला फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू भांडतेस. शिवाय सोबत एक पाकीट पाठवायचं होतं. ते आधी उघड. तीस वर्षं प्रयोगशाळेत लोकांच्या झाडांचे रोग बघितलेस, आता धाकट्या भावाचं गवत बघ.

माझी हिरवळ मरतेय. थंडी सरली तशी अवकाळी पावसाने झड धरली ती एप्रिल संपेपर्यंत, आणि मग एकदम उकाडा. गेल्या सोमवारी नळाजवळ ताटलीएवढा एक चट्टा दिसला, भिजल्यासारखा काळपट. वाटलं कोणी काही सांडलं असेल. गुरुवारी नऊ झाले. आज मी मोजायचं सोडून दिलं.

ही हिरवळ काही शोभेची नाही, तुला ठाऊकच आहे. लकवा झालेली, अपघातातून उठलेली माणसं आमच्या इस्पितळात पुन्हा चालायला शिकतात. आधी आत फरशीवर, कठडा धरून. मग व्यायामाच्या बाई त्यांना माझ्या गवतावर आणतात, कारण गवतावर पडलं तरी लागत नाही. बावीस वर्षं मी ती पहिली पावलं बघतोय. आता इस्पितळाचा कारभार बघायला नव्या मॅडम आल्यात, त्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या हिरवळीचा चौकोनी तुकडा ठेवलेला असतो. त्याला पाणी नको, कापणी नको, माळीही नको. १५ जूनला समिती बघायला येणार आहे. तोवर गवत सुधारलं नाही तर प्लास्टिक येणार, माझी नोकरी जाणार आणि फाटकाजवळच्या या दोन खोल्याही जाणार.

मी माझ्याकडून कसूर ठेवलेली नाही. माझ्या आधीच्या माळ्याने, माझ्या वस्तादांनी, शिकवल्याप्रमाणे उजाडायच्या आत, दव असताना, अवजारांच्या शेडपासून निघून सगळ्या हिरवळीवरून फेरी मारतो. हल्ली एकदा मारून जिवाला चैन पडत नाही, दोनदा मारतो. आठवडाभर जेवणाला चव लागत नाही. लवकर लिही.

धाकटा

७ मे

धाकल्या,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचायला भिंग काढावं लागलं. ओळीच्या सुरुवातीला अक्षर बरं असतं, शेवटाला पोचेपर्यंत तिळाएवढं होतं. कागद महाग झाला असेल तर सांग, इथून दस्ता पाठवते.

पाकीट उघडलं. प्रयोगशाळेने भंगारात काढलेला माझा जुना मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावरच असतो, त्याखाली तुझं गवत ठेवलं आणि कपाळाला हात लावला. अरे, तू मला मढं पाठवलंस. मढ्याचा ताप कसा बघू? चट्ट्याच्या मध्यभागी काही सापडत नाही, रोग तिथलं खाऊन कधीच पुढे गेलेला असतो. तो असतो कडेला, जिथे मेलेलं आणि हिरवं एकमेकांना लागतं. तिथलं बोटभर, मुळासकट, सकाळच्या वेळी काढून पाठव. बावीस वर्षं गवतात काढलीस आणि हे मी सांगायचं.

तोवर मला तीन गोष्टी कळव. पातं चिमटीत धरलं तर तेलकट लागतं का? पहाटे चट्ट्यावर पिंजलेल्या कापसासारखं काही दिसतं का? आणि वास कसा आहे? वास सगळ्यात महत्त्वाचा. इतक्या पावसानंतर मला दोनच संशय येतात. एक आपली साधी बुरशी, दुसरी पाण्यातली. पाण्यातलीला सडक्या मासळीचा वास मारतो, दहा पावलांवरून कळतो. दोघींची औषधं वेगळी, आणि एकीचं दुसरीला दिलं तर ती ढिम्म हलत नाही.

खत बंद कर, संध्याकाळचं पाणी बंद कर. आणि जेवत जा, चव लागो न लागो.

ताई

११ मे

ताई,

अक्षरावरून बोलणं ऐकायची सवय पहिलीपासून आहे, चालू दे.

वास नाही. अजिबात नाही. मी पालथा पडून चट्ट्यात नाक खुपसून बघितलं, चारपाच ठिकाणी बघितलं. फाटकावरचा पहारेकरी बघत राहिला आणि मग विचारलं की माळीबुवा काही हरवलं का. कापूस थोडा दिसतो, पण तो ऊन आल्यावर विरतो. तेलकटपणाचं नक्की सांगता येत नाही. सकाळी माझी बोटं जरा आखडलेली असतात, चिमटीत काही नीट कळत नाही. वयाने होणारच.

कडेचा नमुना आजच वेगळ्या पाकिटातून टाकला. पण ताई, पाकिटाची वाट नको बघूस. औषध सांगून टाक. मॅडम रोज खिडकीतून हिरवळीचे फोटो काढतात. आज मला म्हणाल्या की तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असं कोणी म्हटलं की मला जास्त भीती वाटते.

फेऱ्या आता तीन करतो. दुसरं काही हातात नाही.

धाकटा

१५ मे

धाकल्या,

पाकीट अजून आलेलं नाही. खरं तर थांबायला हवं. प्रयोगशाळेत असते तर नमुना बघितल्याशिवाय एक अक्षर लिहून दिलं नसतं. पण तुझं पत्र वाचून माझीही झोप उडालीय, आणि तू नाक खुपसून बघितलंस म्हणतोस तर पाण्यातली बुरशी नक्कीच नाही. म्हणजे साधी. सोबत औषधाचं नाव आणि प्रमाण स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे, तसंच घे. जास्त घातलं म्हणजे जास्त गुण येतो असं समजू नकोस. फवारल्यावर तीन दिवस एकाही पेशंटला गवतावर येऊ द्यायचं नाही. ती माणसं हात टेकतात, गुडघे टेकतात.

चष्म्याचा नंबर तपासून घे. हे पत्र तर आणखी बारीक आहे.

ताई

२४ मे

ताई,

औषध मारलं, हिरवळ तीन दिवस दोरी लावून बंद ठेवली, आणि चट्टे दुप्पट झाले.

पण मला कारण सापडलंय. रोग वाऱ्याने पसरत नाही, कोणाच्या तरी पायाने पसरतोय. मागे चित्र काढलं आहे ते बघ. चट्टे ओळीत आहेत. उजवीकडे बुटाएवढा एक डाग, डावीकडे लांबट ओरखडा, पुन्हा डाग, पुन्हा ओरखडा. कोणीतरी डावा पाय घासत ओल्या गवतावरून चालतंय.

असा माणूस इथे एकच आहे. सगळे त्यांना बूटवाले काका म्हणतात, जन्मभर बूट शिवायचं काम केलं त्यांनी. लकव्याने डावी बाजू गेली होती, आता पाय ओढत का होईना चालतात. घरी जायच्या आत हिरवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने पार करायची म्हणून हट्ट धरून बसलेत, आणि पहाटे लवकर उठतात. मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी त्यांना बोलावून विचारलं, तर ते काहीच बोलले नाहीत, नाही सुद्धा म्हणाले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांचं बाहेर येणं बंद झालं. नर्स सांगत होती की तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्यापुढे दुसरा काय रस्ता होता? आता नवा चट्टा पडणार नाही. लक्ष ठेवायला फेऱ्या चालूच आहेत, पहाटेच्या दोन आणि संध्याकाळची एक.

धाकटा

२९ मे

धाकल्या,

हे पत्र खुर्चीवर बसून वाच, आणि पूर्ण वाच.

तुझं पाकीट काल आलं. पोस्टात भिजून दोन आठवडे कुठे पडलं होतं देव जाणे. आतला प्लास्टिकचा कागद कोरडा होता, त्यात गुंडाळलेली कड शाबूत होती. ती उघडली मात्र, घरभर सडक्या मासळीचा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला खाली आल्या. मायक्रोस्कोपखाली बघायची गरजही नव्हती, तरी बघितलं. पाण्यातली बुरशीच आहे. मी दिलेलं औषध चुकलं, ती चूक माझी. नमुन्याशिवाय औषध सांगितलं आणि तुझा पंधरवडा वाया घालवला. नवं औषध खाली लिहिलं आहे, ते आजच आण. आणि ही बुरशी ओल्या पात्यावरून पायाला लागते आणि पायाबरोबर जाते. दव असताना गवतावर कोणीही पाय ठेवायचा नाही. कोणीही म्हणजे कोणीही. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण मी टेबलावर बसून रोग बघणारी, फेरीचं तुझ्या पत्रात वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आता दुसरं. वास इतका असताना तुला आला नाही, याचा मी रात्रभर विचार करतेय. मग तुझी सगळी पत्रं भिंगाखाली एकापुढे एक मांडली. जेवणाला चव नाही. सकाळी बोटं आखडतात. आणि अक्षर, ज्याच्यावरून मी दात काढत बसले. धाकल्या, आईने शेवटच्या वर्षी लिहिलेली किराणाची यादी माझ्याकडे आहे. तिचंही अक्षर ओळीच्या शेवटाला असंच लहान होत जायचं. ती तुझ्या पत्राशेजारी ठेवली आणि दोन्ही पुन्हा भिंगाखाली धरली.

तुझं चित्रही बघितलं. ती ओळ तुझ्या शेडपासून सुरू होते आणि शेडपाशी संपते. शेडला कुलूप असतं आणि किल्ली तुझ्याकडे असते. तिथे बूटवाले काका कशाला येतील?

तुझे कामाचे बूट काढ. उलटे कर. डाव्याचं टोक बघ आणि मला लिही.

तुझ्या गवतासारखंच झालंय रे. पत्रातून तू मला नेहमी मधलं पाठवतोस. कडेचं पाठव.

ताई

३ जून

ताई,

औषध मिळालं. काल फवारलं. हिरवळ बंद आहे.

बाकी जे लिहिलं आहेस ते चूक आहे. माझा हात कापत नाही. आईचा कापायचा.

धाकटा

६ जून

धाकल्या,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. त्या चार ओळी वाचायलाही भिंग लागलं.

हात न कापताही तो आजार असतो; आधी वास जातो, अक्षर बारीक होतं, पाय घासतो. मी इथल्या डॉक्टरांना विचारून आले, तुझं नाव न सांगता. आईच्या वेळी आपण किती उशीर केला ते तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. तिला चमच्याने भरवायला तूच होतास, मी नोकरीच्या गावी होते. तू का घाबरतोस ते मला समजतं. पण ज्या आजाराला तू घाबरतोस त्याचेच डॉक्टर तुझ्या खोलीपासून शंभर पावलांवर बसतात, आणि तू त्यांच्या खिडकीखालचं गवत कापतोस.

बुटांचं तू काहीच लिहिलं नाहीस. म्हणजे बघितलेस.

नोकरीचं काय होईल ते मला सांगता येत नाही. खोल्या गेल्या तर माझ्याकडे मागची खोली आहे, तिथे फक्त माझी पुस्तकं राहतात. पण त्या बूटवाल्यांना खोलीत कोंडून ठेवून तुझ्या घशाखाली घास कसा उतरतो? रागावून का होईना, उत्तर दे. पोस्टमन दारावरून पुढे गेला की मी त्याला हाक मारून पुन्हा पिशवी बघायला लावते.

ताई

१८ जून

ताई,

उशीर झाला. सगळं सांगतो, कडेचं.

बूट तू लिहिलंस त्याच दिवशी बघितले होते. डाव्याचं टोक झिजून आतलं अस्तर दिसतंय, टाच नव्यासारखी. मी ते पलंगाखाली सारले आणि तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. मार्चपासून मला ठाऊक होतं गं. शेडच्या उंबऱ्याला डावा पाय अडायचा. मी उंबराच काढून टाकला.

तुझं ६ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी बूट पिशवीत घालून बूटवाल्या काकांच्या खोलीत गेलो. ते तसेच भिंतीकडे तोंड करून होते. मी बूट त्यांच्या पलंगावर ठेवले. त्यांनी वळून एका हाताने उचलले, उलटे केले, आणि लगेच खाली ठेवले.

"तुमचा पाय मी एप्रिलमध्येच ओळखला होता," ते म्हणाले.

मी विचारलं की मग मॅडमसमोर गप्प का राहिलात.

"मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा पाय शोधला असता. मी महिन्याभरात घरी जाणारच आहे. तुमचं घर इथेच आहे."

ताई, मी तिथे लहान पोरासारखा रडलो. ते आपले बुटाची लेस सोडवत बसले, माझ्याकडे न बघता.

तिथूनच उठून मॅडमच्या टेबलापाशी गेलो आणि सांगितलं की बुरशी काकांच्या पायाने नाही, माझ्या फेऱ्यांनी पसरली, आणि माझा डावा पाय घासतो. जितकी काळजी वाटली तितक्या फेऱ्या मारल्या आणि जितक्या फेऱ्या मारल्या तितकं गवत मारलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन उचलला. मला वाटलं हिशेब चुकता करायला ऑफिसात फोन लावला. त्यांनी डॉक्टरांना लावला.

कंपवातच आहे. हात न कापणारा. तू म्हणालीस तसा. गोळ्या सुरू झाल्यात, आणि रोज अर्धा तास व्यायामाच्या बाईंसमोर मोठी पावलं टाकायची.

समिती ठरल्याप्रमाणे १५ लाच येऊन गेली. नवं औषध लागू पडलंय, पंधरा दिवसांत एकही नवा चट्टा नाही. उघड्या जागी बी पेरलं होतं, त्याची जेमतेम बोटाच्या पेराएवढी उगवण आहे. दिसायला हिरवळ अजून वाईटच आहे. एका साहेबांनी प्लास्टिकचा तुकडा मागवला आणि जमिनीवर टाकला. काकांना व्यायामाच्या बाईंनी बाहेर आणलं होतं. ते त्यावर अनवाणी उभे राहिले, मग गवतावर उभे राहिले, आणि साहेबांना म्हणाले की माझ्या डाव्या तळव्याला गवत कळतं, हे कळत नाही. एवढंच बोलून पुढे चालायला लागले. ही नव्या बियांची जागा म्हणून मी ओरडणार होतो, पण गप्प बसलो.

प्लास्टिक सहा महिने लांबणीवर टाकलंय. यंत्र चालवायला दुसरा माणूस येईल, मी त्याला शिकवायचं. खोल्या तोवर माझ्याकडे. सहा महिन्यांनी काय, ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भीती गेलेली नाही, पण आता ती एकट्याची नाही.

पहाटेची फेरी बंद. दव वाळेपर्यंत शेडच्या पायरीवर बसून राहतो. बावीस वर्षांत इतकं अवघड काम केलं नव्हतं.

धाकटा

२३ जून

धाकल्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा भिंगाने, नंतर पाठच झालं.

मी काही शहाणपण लिहीत नाही. गोळ्या वेळेवर घे. आईला त्या इतक्या उशिरा मिळाल्या की उपयोग किती झाला ते कळलंच नाही, तुला वेळेत मिळाल्यात. बूटवाल्यांना माझा नमस्कार सांग. आणि ते उंबऱ्याचं मला आधी का नाही लिहिलंस, म्हणून भेटल्यावर दोन फटके बसतील.

ऑगस्टमध्ये येतेय. गुडघ्यांची परवानगी घेतलेली नाही.

ताई

२० जुलै

ताई,

हे पत्र दुरेघी वहीत लिहितोय, तुला दिसतंच असेल. व्यायामाच्या बाईंनी दिली. प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला टेकलं पाहिजे अशी सक्ती आहे. एवढ्या पत्राला तीन पानं लागली, म्हणून थोडक्यात लिहितो. आता तुझा दस्ता पाठव.

बूटवाले काका काल घरी गेले. जायच्या आधी सकाळी दव वाळल्यावर आम्ही दोघांनी हिरवळ पार केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोघांचेही डावे पाय घासणारे. बाई मागून मोठी पावलं, मोठी पावलं म्हणून ओरडत होत्या. आम्हाला सव्वीस मिनिटं लागली. त्यांनी माझ्या डाव्या बुटाला नवं टोक लावून दिलंय, एका हाताने. म्हणाले, पुढच्या वर्षी येऊन तपासणार, झिजलेलं चालणार नाही.

काल पहिली कापणीही झाली. यंत्र नव्या माणसाने चालवलं, मी बाजूला चालत होतो. तो थांबून म्हणाला की काय मस्त वास सुटलाय. मी हो म्हणालो. दिवसभर ते मला टोचत राहिलं, म्हणून संध्याकाळी जाऊन त्याला खरं सांगितलं.

सोबत पाकीट आहे. नळाजवळ तो पहिला चट्टा होता ना, त्याच्या कडेचं कापलेलं गवत आहे. मायक्रोस्कोप नको, नुसतं नाकाशी धर. वास येतो का आणि कसा येतो ते मला लिही, सविस्तर लिही. मला येत नाही.

धाकटा